कोण कुणाशी, आणि कधीपर्यंत

पाडव्याच्या आगेमागे नारायणगावात राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर तमाशाच्या फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, चार खुर्च्या, एक टेबल आणि टेबलावर वही. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं जीपमधून उतरतात, पाच-सहा राहुट्या फिरतात, प्रत्येक ठिकाणी चहा पितात. कलावंत किती, यंदा वग कोणता, लायटिंग कसं, सकाळच्या हजेऱ्या धरून किती, असं विचारत घासाघीस चालते. जमलं की विसार दिला जातो आणि वहीत त्या तारखेसमोर गावाचं नाव लिहिलं जातं. सुपारी ठरली.

मी गणिताचा मास्तर. तमाशाचा नाद माझ्या आजोबांचा. मला भुरळ पडली ती त्या वहीची. एका उन्हाळ्यात चार-पाच राहुट्यांत बसून, परवानगी घेऊन, कुठल्या गावानं कुठला फड धरला याची टाचणं केली. घरी येऊन मोठ्या कागदावर डावीकडे फड, उजवीकडे गावं आणि मध्ये रेघा असं चित्र काढलं. चित्र इतकं देखणं झालं की भिंतीवर लावलं. पुढच्या वर्षी परत गेलो तर त्यातल्या बऱ्याच रेघा खोट्या ठरल्या. एका फडातले दोन भाऊ वेगळे झाले होते आणि एका फलकाचे दोन फलक झाले होते. एका गावात मागच्या यात्रेत मारामारी झाली म्हणून यंदा तमाशाच नव्हता. आणखी एका गावानं जुना फड सोडून नवा धरला होता, कारण शेजारच्या गावच्या लोकांनी त्याची तारीफ केली होती. मी चित्र काढलं होतं. पण रेघ ओढण्याआधी माणसं काय विचार करतात आणि ती पुसावी असं त्यांना कधी वाटतं, हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

हे पुस्तक त्या फसलेल्या कागदातून निघालं. जाळी कशी विणली जातात, कशी वाढतात, कशी उसवतात आणि हे सगळं गणितात कसं मांडायचं, हा त्याचा विषय. प्रस्तावनेत मी मुद्दाम जुन्नर-आंबेगाव सोडून फारसा बाहेर जात नाही. एक तर हा मुलूख मला माहीत आहे. दुसरं म्हणजे या विषयावरची बरीच पुस्तकं वाढीबद्दलच बोलतात. या दोन तालुक्यांत वाढ आणि तूट दोन्ही उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि ज्या नियमानं जाळं वाढतं त्याच नियमानं ते तुटत नाही, हेही दिसतं.

आधी शब्दांचं बघू. नेटवर्कला मी जाळं म्हटलं आहे. जाळ्यात जे जोडलं जातं, म्हणजे माणूस, गाव, फड, बाजार, ती गाठ. आणि दोन गाठींना जोडतो तो दुवा. मॉडेल हा शब्द तसाच ठेवला आहे. 'प्रतिमान' म्हटलं की विद्यार्थी आधी दचकतो, मग झोपतो. मॉडेल म्हणजे इथे एक छोटासा नियम: नवी गाठ आली की ती कुणाला जोडून घेईल, जुना दुवा कधी गळेल. तो नियम कागदावर किंवा संगणकावर हजार वेळा चालवायचा आणि उगवलेलं जाळं खऱ्या जाळ्यासारखं दिसतं का ते पाहायचं. नाही दिसलं तर नियम चुकला. माझ्या अनुभवात चुकलेला नियम बरोबर आलेल्या नियमापेक्षा जास्त शिकवतो.

नारायणगावहून खोडदकडे गेलं की शेतांच्या वर पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, तीस अँटेनांची, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. त्यातल्या चौदा साधारण एका चौरस किलोमीटरच्या आवारात आहेत आणि उरलेल्या सोळा तीन दिशांना फाकलेल्या बाहूंवर, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात. कुठल्याही दोन अँटेनांना आलेला संदेश एकमेकांशी ताडून पाहिला जातो. तीस जणांतून दोघांच्या जोड्या किती? तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन, म्हणजे ४३५. या जाळ्यात सगळ्या ४३५ जोड्या कामाला लावता येतात, कारण ते डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखून उभं केलं आहे. त्यात कुठला दुवा रुसत नाही, कुणी कुणाचं तोंड पाहत नाही असं होत नाही. आता तीस घरांची एखादी वाडी घ्या. जोड्या तितक्याच, ४३५. त्यांपैकी किती जोड्यांत एकमेकांकडे उसनं मीठ मागण्याइतकं जाणं-येणं आहे? जे आहे ते कशामुळे, आणि दहा वर्षांनी त्यातलं काय उरेल? खोडदच्या जाळ्याला विचारता येत नाहीत असे हे प्रश्न, आणि या पुस्तकातले सगळे प्रश्न त्याच जातीचे आहेत.

या प्रश्नांना पहिलं धाडसी उत्तर दोन हंगेरियन गणितज्ञांनी दिलं. पाल एर्डिश आणि आल्फ्रेड रेनी यांनी १९५९ आणि १९६० मध्ये लिहिलेल्या निबंधांत दुवे नशिबावर सोडले. आंबेगावच्या पश्चिमेच्या डोंगरात कागदावरच्या शंभर वाड्या घ्या आणि कुठल्याही दोन वाड्यांमध्ये चिठ्ठी टाकून एकेक रस्ता काढत चला. सुरुवातीला दोन-दोन, तीन-तीन वाड्यांचे तुकडे होतात. बराच वेळ काही घडत नाही असं वाटतं. मग पन्नासाव्या रस्त्याच्या आसपास, म्हणजे सरासरी एका वाडीच्या वाट्याला एक रस्ता आला की, तुकडे भराभर एकमेकांना चिकटतात आणि एक मोठा तुकडा तयार होतो. तिथून पुढे दर थोड्या रस्त्यांगणिक तो उरलेल्या वाड्या गिळत जातो. हळूहळू वाढवलेल्या गोष्टीत अचानक पालट होतो, हा त्यांच्या गणिताचा खरा दागिना. पहिल्या प्रकरणात तो सविस्तर सोडवून दाखवला आहे.

अर्थात रस्ता कुठून जातो हे चिठ्ठी टाकून ठरत नाही, आणि तो कसा ठरतो हे इथल्या माणसाला मी सांगायला नको. तरीही हे मॉडेल टाकाऊ नाही. एखाद्या जाळ्यात काही विशेष दिसलं तर ते खरंच विशेष आहे की नुसत्या नशिबानंही तसंच झालं असतं, हे कळायला एक कोरी पट्टी लागते. एर्डिश-रेनीचं जाळं ही ती पट्टी.

दुसरं उत्तर मराठी माणसाला न शिकवता कळतं: गूळ तिथे मुंगळे. ज्याच्याकडे आधीच पुष्कळ दुवे आहेत त्याच्याकडेच नवा दुवा जाण्याचा संभव जास्त. डेरेक प्राइस या विज्ञानाच्या इतिहासकारानं शोधनिबंध एकमेकांचे दाखले कसे देतात ते पाहून ही गोष्ट १९६५ पासून मांडली आणि १९७६ मध्ये तिचं गणित केलं. १९९९ मध्ये बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी इंटरनेटवरच्या पानांसाठी तोच नियम पुन्हा शोधला, आणि जगभर नाव झालं ते त्यांचं. दुव्यांचा नियम दाखल्यांच्या बाबतीत स्वतःलाच लागू पडला म्हणायचा.

हा नियम आपल्याकडे माणसांत बघायचा तर मुंबईचे डबेवाले बघावेत. धंद्याची सुरुवात १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी केली असं मानतात. सव्वाशे वर्षं उलटली तरी डबा उचलणारा बहुतेक माणूस जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातला. मुंबईला इतर जिल्ह्यांतून काय कमी माणसं आली? पण टोळीत जागा झाली की मुकादम आधी घरात विचारतो, मग भावकीत, मग गावात. आधीचा पुढच्याला घेऊन येतो आणि त्यामुळे ज्या खोऱ्यातून पहिले गेले तिथूनच नंतरचे जात राहतात. सुरुवातीचा एक योगायोग वर्षानुवर्षं फुगत जातो.

इथे मला एका प्रसिद्ध सिद्धांताशी थोडं भांडायचं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या निबंधात दाखवलं की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखीच्यांकडून जास्त येते, कारण जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतंच. त्यांचा अभ्यास बॉस्टनजवळच्या गावातल्या शिकलेल्या नोकरदारांचा होता. डबेवाल्यांत नेमकं उलट दिसतं, आणि त्याचं कारण अडाणीपणा नाही. तिथे प्रश्न बातमीचा नसून जामिनाचा आहे. दुसऱ्याच्या घरचा डबा, दुसऱ्याच्या दारात रोज शिरणं. पोरगा उद्या पळून गेला तर जाब गावाकडे त्याच्या चुलत्याला विचारता आला पाहिजे. बातमी दूरच्या ओळखीनं येते, भरवसा जवळच्या नात्यानं. मॉडेलमध्ये 'दुवा' लिहिताना तो कशाचा दुवा आहे हे आधी विचारावं. ही साधी गोष्ट मी स्वतः फार उशिरा शिकलो.

आता पुन्हा राहुटीत जाऊ. गूळ-मुंगळ्यांचा नियम इथे लागू व्हायला हवा: गाजलेला फड, त्याच्याकडे जास्त गावं, म्हणून आणखी गाजलेला. थोडं तसं होतंही. पण इंटरनेटवरच्या पानाला एका रात्रीत लाख माणसं जोडली जाऊ शकतात. फडाला एका रात्री एकच गाव. त्यात चैत्री पौर्णिमेसारख्या तारखांना गावोगावच्या यात्रा एकदम येतात. त्या रात्री पहिल्या फडाकडे मागणी दहा गावांची असली तरी नऊ गावं दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या राहुटीत जाणारच. यात्रांच्या तारखा एकमेकींवर पडतात म्हणून लहान फड जगतात. या तारखा वर्षभर सारख्या पसरल्या असत्या तर चार-दोन फडांनी सगळा मुलूख खाल्ला असता, असं माझं मॉडेल सांगतं आणि या बाबतीत मला ते पटतं.

शिवाय ट्रक आहे. आज रात्री वग, उद्या सकाळी हजेऱ्या, त्या आटोपून संध्याकाळपर्यंत पुढच्या गावी मंडप उभा राहिला पाहिजे. त्यामुळे सोळा तारखेचं गाव कुठलं यावर सतरा तारखेला कुठली गावं घेता येतील हे ठरतं. एक दुवा पुढच्या दुव्याचा रस्ता मोकळा करतो किंवा अडवतो. आणि या जाळ्यात वाटा काळाच्या दिशेनंच जातात. फड आधी ओतूरला आणि मग आळ्याला गेला तर ओतूरला सुचलेली कोटी आळ्यात ऐकू येईल. आळ्यातली कोटी ओतूरला यायला पुढचं वर्ष उजाडावं लागेल. माझ्या भिंतीवरच्या चित्रात दोन्ही रेघा शेजारी शेजारी होत्या आणि त्यातून हे काहीच दिसत नव्हतं. तिसरं आणि चौथं प्रकरण या काळाच्या दिशेबद्दल आहे. ती थोडी कठीण आहेत, पण माझ्या मते पुस्तकाचा गाभा तीच.

जुन्या काळात गेलं की हीच गोष्ट मोठ्या मापावर भेटते. नाणेघाटाच्या माथ्यावर, घाटाच्या तोंडाशी, एक दगडी रांजण आहे. तो जकातीचा म्हणून दाखवतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे आहेत. खाली कोकण, कल्याण आणि समुद्र. वर जुन्नर, आणि तिथून पुढे पैठणकडे जाणारी वाट. ही वाट चालती होती म्हणून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी मिळून, दोनशेच्या वर लेणी कोरली गेली. त्यांतल्या दानलेखांत कल्याणचा माणूस आहे, भरुकच्छाचा म्हणजे भडोचचा आहे, यवन आहेत, धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आणि काशाचं काम करणाऱ्यांची श्रेणी आहे. पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, कुणी दिलं, कोठडी कुणी दिली, हे दगडात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जाळ्याची ही आयती नोंदवही.

पण वही अर्धी आहे, आणि हे विसरलं की मॉडेल करणारा फसतो. दगडात ज्यानं दान दिलं त्याचंच नाव येतं. ज्यानं बैलांचा तांडा घाट चढवून आणला, ज्यानं उधारी बुडवली, जो दरवर्षी यायचा आणि एक वर्ष आलाच नाही, त्यांचे दुवे कुणी कोरले नाहीत. जे कोरले त्यांनाही तुटण्याची परवानगी नव्हती. नाशिकच्या लेण्यात उषवदातानं गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं ठेवली ती अक्षयनीवी म्हणून, म्हणजे मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, व्याज भिक्षूंना मिळत राहायचं. कधीच न संपणारा दुवा. त्या श्रेणी आज कुठे आहेत?

तुटण्याची खबर दुसरीकडून मिळते. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पोथीत लिहिलं आहे की कल्याण एके काळी रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथली ये-जा अडवली गेली, आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ शकत. क्षत्रप आणि सातवाहन यांच्या झगड्याच्या काळातली ही गोष्ट. नाणेघाट तिथेच होता, रांजणही तिथेच. पण खालचं टोक दाबलं गेलं की वरची वाट ओस पडायला लागते आणि माल दुसऱ्या वाटेनं पैठणला उतरतो. वाढताना दुवा एकेका व्यापाऱ्याच्या सोयीनं जोडला गेला होता. तोडला तो एका हुकमानं. सातव्या प्रकरणात मी हा पालट मॉडेलमध्ये घालून पाहिला आहे. वाढीचा नियम नुसता उलटा फिरवून तो काही केल्या येत नाही.

आंबेगाव तालुक्याच्या नावाचंच बघा. कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात. नावाची गाठ आहे, गाव नाही. तिथला बाजार उठला तेव्हा त्यावर अवलंबून असलेली वरची आदिवासी गावं एकमेकांपासूनही लांब झाली. नदीच्या अल्याडची आणि पल्याडची वस्ती आता जलाशयाच्या दोन काठांवर. आल्बर्ट, जिआँग आणि बाराबाशी यांनी २००० मध्ये दाखवलं की काही थोड्या गाठींकडे पुष्कळ दुवे असलेलं जाळं कुठलीही गाठ अचानक गेली तर सहसा तगून राहतं, पण नेमक्या मोठ्या गाठी काढल्या तर कोसळतं. वाक्य खरं आहे. त्यात एवढंच नाही की काढलेल्या गाठीच्या जागी लोक पुन्हा विणायला बसतात. डिंभ्याच्या काठच्या, पूर्वी भातशेती करणाऱ्या लोकांनी पुढे मासेमारी शिकली, सहकारी संस्था केली, होड्या आल्या. 'शाश्वत' या संस्थेनं त्यांच्याबरोबर केलेल्या कामाला २०१२ मध्ये इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या कामात पडकईही होती: डोंगरउतारावर भातखाचरं घालायला सगळ्यांनी मिळून आज एकाच्या रानात राबायचं, उद्या दुसऱ्याच्या. पडकईचा दुवा हा फेडायच्या कष्टाचा दुवा आहे. आज जो राबला त्याची आठवण उद्यापर्यंत टिकली तरच तो टिकतो.

माळीण याच तालुक्यातलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर आला. १५१ माणसं गेली. बाहेर खबर कशी आली? एसटीचा चालक नेहमीच्या फेरीवर गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. त्यानं परत जाऊन कळवलं. जाळ्याच्या भाषेत त्या फेरीला फारसं मोल नव्हतं. टोकाचं गाव, दिवसाच्या मोजक्या गाड्या. कुठल्याही मोजपट्टीवर तो दुवा तळाशी आला असता. मी या प्रसंगावर प्रकरण लिहिलेलं नाही, उदाहरणासाठी आकडे बसवणं मला जमलं नाही. पण मोजपट्ट्यांचं पाचवं प्रकरण वाचताना वाचकानं ती गाडी लक्षात ठेवावी.

पुस्तकात गणित आहे, ते टाळलेलं नाही. बारावीपर्यंतची संभाव्यता येत असेल तर सहा प्रकरणं अडणार नाहीत. सातव्यात थोडा दम लागेल. संगणक नसेल तर वही, पेन्सिल आणि एक नाणं पुरे. पहिल्या तीन प्रकरणांतली सगळी उदाहरणं मी तशीच सोडवली आहेत.

आणि ज्या वहीनं हे सुरू केलं तिचंही सांगतो. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. यात्रा बंद, तमाशा बंद. पुढचं वर्षही तसंच गेलं. २०२२ मध्ये निर्बंध उठले तेव्हा मी मुद्दाम राहुट्यांकडे गेलो. माझ्या मॉडेलप्रमाणे दोन वर्षं न वापरलेला दुवा गळून गेलेला असायला हवा होता. ओळखीच्या एका फडाच्या मॅनेजरनं वही पुढे केली. चैत्रातल्या गर्दीच्या एका तारखेसमोरची ओळ कोरी होती. बाहेर दुसऱ्या गावची दोन माणसं तीच तारीख मागत उभी होती, रोख घेऊन.

"ही का ठेवलीय?" मी विचारलं.

"दरसालचं गाव आहे, सर."

"विसार आलाय?"

"न्हाई."

"फोन?"

"त्योबी न्हाई." त्यानं वही मिटली आणि बाहेरच्या दोघांना चहा सांगितला. "सांजच्यापर्यंत बघतो. आता एवढ्या लांबनं यायचं म्हणजे एसटीनं येळ लागतोच की."